‘प्रायश्चित्त’ : नगरच्या इतिहासांतील एक शब्द

अहमदनगर म्हटलें म्हणजे आमच्या वाचकांच्या डोळ्यांपुढें प्रथम भुईकोट किल्ला उभा राहतो, पाठोपाठ चांदबिबीचें नांव आठवतें, आणि जिल्ह्याकडे दृष्टि वळली तर नेवासें आठवतें, जेथें शके १२१२ त ज्ञानेश्वरांनीं गीतेचा अर्थ मराठींत सांगितला. या स्मृतींच्या शेजारीं आणखी एक स्मृति ठेवावी असा आमचा आजचा हेतु आहे. ती एका शब्दाची आहे. ‘प्रायश्चित्त’ हा तो शब्द. जिल्ह्याचें नांव २०२४ सालीं अहिल्यानगर झालें. परंतु ज्या काळाविषयीं आम्ही लिहीत आहों त्या काळचे लोक ‘नगर’ म्हणत, म्हणून आम्हीही तेंच नांव चालविलें आहे.

नगरच्या अमेरिकन मराठी मिशनचा इतिहास बहुधा दोन तऱ्हांनीं सांगण्यांत येतो. स्नेही लोक शाळा, दवाखाने आणि दुष्काळांतील अन्नदान मोजतात. विरोधी लोक बाटलेल्यांची संख्या मोजतात व तिच्यामागें पोटाचें कारण शोधतात. दोन्ही पक्ष हिशेबच करतात. पण ज्या एका गोष्टीसाठीं तीं माणसें समुद्र ओलांडून आलीं ती दोघांच्याही वहींत क्वचितच सांपडते. माणसाच्या पापाचें प्रायश्चित्त दुसऱ्या कोणीं अगोदरच करून ठेविलें आहे, हें सांगावयास तीं आलीं होतीं. ही गोष्ट खरी कीं खोटी याचा निर्णय करावयास आम्ही बसलों नाहीं. तो ज्याचा त्यानें करावा. ती मराठींत कशी सांगितली गेली, ऐकणारांस कशी ऐकूं आली, आणि दोघांसही तिची काय किंमत पडली, एवढेंच येथें पाहावयाचें आहे.

प्रथम शब्दाचें कूळ पाहूं. ‘प्राय’ म्हणजे तप आणि ‘चित्त’ म्हणजे निश्चय, अशी त्याची फोड आमचे निबंधकार करीत आले. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायांत प्रायश्चित्तांचा मोठा विस्तार आहे. याज्ञवल्क्यस्मृतीचा तिसरा अध्याय तर प्रायश्चित्ताध्याय याच नांवानें ओळखला जातो, आणि त्या स्मृतीवरील विज्ञानेश्वराची मिताक्षरा ही आमच्या शास्त्र्यांच्या नित्य परिचयाची. प्राजापत्य कृच्छ्र बारा दिवसांचें : तीन दिवस केवळ सकाळीं जेवावें, तीन दिवस केवळ सायंकाळीं, तीन दिवस न मागतां मिळेल तेवढेंच खावें, आणि शेवटचे तीन दिवस उपास करावा. चांद्रायणांत चंद्राच्या कलांप्रमाणें घांस वाढवावयाचे व घटवावयाचे. अशक्तास गोदानाची सवलत असे. कोणत्या पापास कोणतें प्रायश्चित्त, हें विद्वानांची परिषद ठरवी. येथें भाषेची एक बारीक खूण लक्षांत ठेवावी. परिषद प्रायश्चित्त ‘देते’ आणि पापी तें ‘घेतो’. देणारा कोणीही असो, देह झिजतो तो घेणाराचा. या एका गोष्टीवर आमच्या सर्व प्रायश्चित्तविचाराची इमारत उभी आहे.

आतां पाहुण्यांकडे वळूं. अमेरिकन बोर्डाचे गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे १८१३ च्या फेब्रुवारींत मुंबईस उतरले. त्यानंतर अठरा वर्षांनीं, १८३१ च्या डिसेंबरांत, ॲलन ग्रेव्हज, हॉलिस रीड व विल्यम हर्वे हे तिघे घाट चढून नगरास आले. पेशवाई बुडून अवघीं तेरा वर्षें लोटलीं होतीं. त्यांच्याबरोबर बाबाजी रघुनाथ या नांवाचे, नुकतेच ख्रिस्ती झालेले एक ब्राह्मण गृहस्थ होते. शहरांत निराश्रितांसाठीं एक आश्रम होता. तेथील आंधळे, पांगळे व रोगी हेच या मंडळींचे पहिले नियमित श्रोते. ब्राह्मणानें अशा लोकांत बसून बोलावें, हा देखावाच त्या काळीं उपदेशाहून अधिक बोलका झाला असला पाहिजे. परंतु तो फार दिवस टिकला नाहीं. १८३२ त हर्वे पटकीनें वारले. १८३३ त, म्हणजे ज्या वर्षीं नगरची पहिली ख्रिस्ती मंडळी स्थापन झाली त्याच वर्षीं, बाबाजीही पटकीनें गेले. रीड यांनीं त्यांचें चरित्र लिहून १८३६ त अमेरिकेंत छापविलें. नव्या गोष्टीचे दोन सांगणारे पहिल्या दोन वर्षांतच नगरच्या मातींत गेले, ही गोष्ट पुढील सर्व कथेच्या तळाशीं आहे.

नवा करार मराठींत मुंबईच्या अमेरिकन छापखान्यांतून १८२६ त निघाला होता. त्याच्याही आधीं गोव्यांत फादर स्टीफन्स यांनीं १६१६ त ख्रिस्तपुराण प्रसिद्ध करून ख्रिस्ताची कथा ओवींत बसविली होती. तथापि घाटावरील या नव्या मंडळींस आपली परिभाषा बहुतेक नव्यानेंच घडवावी लागली. अडचण लहान नव्हती. यहुदी लोकांचे यज्ञ, त्यांचा वार्षिक प्रायश्चित्ताचा दिवस, बकऱ्याच्या मस्तकावर लोकांचीं पापें ठेवून त्यास रानांत सोडून देण्याची त्यांची रीत, हें सर्व ज्या कल्पनेच्या मागें उभें आहे तिला मराठी शब्द कोणता द्यावयाचा? ख्रिस्ती मराठींत जो शब्द रूढ झाला तो ‘प्रायश्चित्त’च. शब्द जुनाच राहिला, पण त्याचा कर्ता बदलला. पापी एक आणि तपणारा दुसरा, असा त्याचा अर्थ सांगण्यांत येऊं लागला. शास्त्री ऐकत ते विस्मित होत, यांत नवल नाहीं; त्यांच्या दृष्टीनें हें एकानें औषध घ्यावें आणि दुसऱ्याचा ताप उतरावा तसेंच होतें.

त्याच काळांत हाच शब्द अगदीं उलट कामीं येत होता. १८४३ त मुंबईस नारायण शेषाद्रि यांनीं बाप्तिस्मा घेतला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत यासही मिशनच्या घरून परत आणण्यासाठीं बापास कोर्टांत जावें लागलें. कोर्टानें मुलगा बापाच्या हवालीं केला. परंतु मिशनरींच्या घरीं जेवलेल्या या पोरास ज्ञातींत कसें घ्यावें? बाळशास्त्री जांभेकर यांनीं प्रायश्चित्त देऊन त्यास शुद्ध करावा असा पक्ष घेतला, आणि त्यावरून ब्राह्मणवृंदांत मोठी दुफळी माजली. पाहा, एकाच दशकांत एकाच भाषेंत एक मनुष्य ‘प्रायश्चित्त झालें आहे’ या श्रद्धेनें घर सोडतो आणि दुसऱ्यास ‘प्रायश्चित्त घे’ म्हणून घरांत बोलावतात. शब्द एक, एकाचें दार बाहेर उघडतें, दुसऱ्याचें आंत.

नगरांत १८३९ त हरि रामचंद्र व नारायण रामचंद्र खिस्ती हे दोघे ब्राह्मण बंधु ख्रिस्ती झाले. १८४२ त तेथेंच ‘ज्ञानोदय’ पत्र निघालें. सिंथिया फरार या बाई १८३९ पासून नगरास मुलींच्या शाळा चालवीत होत्या. त्यांची शाळा पाहून जोतीराव फुले यांच्या मनांत पुण्यास तसाच उद्योग करण्याचा विचार दृढ झाला, हें प्रसिद्धच आहे. बाई १८६२ त नगरासच वारल्या. १८५४ त हरि रामचंद्र खिस्ती व रामकृष्ण विनायक मोडक यांस पाळकाची दीक्षा मिळाली. म्हणजे तेवीस वर्षांत ही गोष्ट परक्यांच्या तोंडून निघून मराठी माणसांच्या तोंडीं आली.

तिच्यावर आक्षेपही मराठी माणसांनींच घेतले, व ते सामान्य नव्हते. १८५७ च्या पूर्वार्धांत विष्णुबावा ब्रह्मचारी यांनीं मुंबईच्या समुद्रकिनारीं मिशनरींशीं जाहीर वाद केला, तो पुढें पुस्तकरूपानेंही निघाला. अशा वादांत आमच्या पक्षाचा मूळ प्रश्न एकच असे : ज्याचें कर्म त्यानेंच भोगावयाचें, तर एकाचें पाप दुसऱ्याच्या माथीं कसें जाईल? आणि गेलेंच, तर पाप करावयास मनुष्य अधिकच निर्भय होणार नाहीं काय? १८६७ त मुंबईस प्रार्थनासमाज स्थापन झाला. त्याच्या धुरीणांनीं तिसरी वाट धरली. देव एक, पाप खरें, आणि मनापासून झालेला अनुताप हेंच प्रायश्चित्त. मध्यें मध्यस्थ नको, असें त्यांचें मत. हे आक्षेप ख्रिस्ती जगास अपरिचित होते असें मात्र नाहीं. अकराव्या शतकाच्या अखेरीस अन्सेल्म यांनीं ख्रिस्ताच्या मरणाचा अर्थ ईश्वराच्या अवमानाची भरपाई असा लाविला, तर त्यांच्या मागून आलेल्या अबेलार यांनीं त्यांत मनुष्याचें मन वितळविणारें प्रेम पाहिलें. नगरच्या मिशनरींच्याच पंथांतील हॉरेस बुश्नेल यांनीं १८६६ त अमेरिकेंत याच विषयावर ग्रंथ लिहून जुन्या न्यायालयी भाषेस विरोध केला. समुद्रकिनाऱ्यावर जो वाद झाला तो ख्रिस्ती घराच्या आंतही चाललाच होता.

पण वाद हा विद्वानांचा. खेड्यांतलें ऐकणें निराळें. नगर जिल्ह्यांत मिशनचे बहुतेक अनुयायी महार व मांग समाजांतून आले. शास्त्र्यांच्या परिषदेच्या उंबऱ्याशीं ज्यांस कोणीं उभें केलें नाहीं, त्यांस कृच्छ्र काय आणि चांद्रायण काय! त्यांच्या कानास ख्रिस्ती मराठींतील दुसरेच शब्द ओळखीचे होते. ऋण, जामीन, खंडणी, तारण : हे सर्व शब्द बायबलाच्या भाषांतरांत व उपासनेंत आहेत, आणि हेच सर्व शब्द गांवच्या चावडींत व सावकाराच्या ओटीवरही आहेत. ‘तारण’ म्हणजे उद्धार. आणि ‘तारण’ म्हणजे कर्जासाठीं गहाण ठेवलेली वस्तु. ज्या जिल्ह्याच्या पारनेर व श्रीगोंदें या तालुक्यांत १८७५ सालीं कुणब्यांनीं सावकारांचे कर्जरोखे हिसकावून जाळले, त्या जिल्ह्यांत ‘तुझें ऋण दुसऱ्यानें फेडलें, रोखा फाटला’ या वाक्याचा अर्थ समजावून सांगण्यास भाष्याची जरूर नव्हती. जामीन राहणारा मनुष्य आपलें घरदार धोक्यांत घालतो, हें खेड्यांतल्या पोरासही कळत होतें. एकानें दुसऱ्याचें भोगणें न्यायाच्या विरुद्ध आहे असें शास्त्री म्हणत. ज्याच्या पिढ्यान्‌पिढ्या बापाचें ऋण भोगण्यांत गेल्या त्यास, निदान एकदां तरी भोगणारा आपण होऊन पुढें आला, हीच नवलाची वार्ता वाटली असल्यास त्याला आम्ही अडाणी म्हणणार नाहीं.

सांगण्याची रीतही बदलली. आरंभीचा उपदेश बाजारांत उभें राहून केलेल्या व्याख्यानाचा, आणि पुष्कळदां हिंदु देवतांच्या उपहासाचा होता. त्यानें मनें दुखावलीं, वळलीं थोडीं. १८६० नंतरच्या दशकांत नगरच्या ख्रिस्ती मंडळींनीं कीर्तनाचा अवलंब केला. कृष्णराव रत्नाजी सांगळे हे या कामीं पुढें होते. त्यांचीं पदें महाराष्ट्रांतील ख्रिस्ती उपासनेंत आजही गाइलीं जातात. कीर्तनाचा सांचा आमच्या वाचकांस ठाऊक आहेच : पूर्वरंगांत तत्त्व, उत्तररंगांत आख्यान. पापाचें तत्त्व पूर्वरंगांत घ्यावें, आणि उत्तररंगांत उधळ्या पुत्राची किंवा क्रूसाची कथा लावावी. टाळ वाजावा, मृदंग बोलावा. मिशनरींपैकीं कोणास हें हिंदु वळण वाटलें असेल. परंतु श्रोता थांबून ऐकूं लागला. व्याख्यानांत प्रायश्चित्त हा सिद्धान्त होता, कीर्तनांत ती कोणाची तरी हकीकत झाली. सिद्धान्तावर शंका घेतां येते. हकीकत ऐकतांना मनुष्य आधीं डोळे पुसतो आणि शंका मागाहून घेतो.

एक शंका मात्र कीर्तनानेंही सुटण्यासारखी नव्हती, आणि ती आमच्या मतें सर्वांत खोल होती. ज्या घरांतून पितृपक्ष गेला त्या घरांत पितरांचा प्रश्न उरलाच. हें प्रायश्चित्त ज्यांच्या कानांवर गेलेंच नाहीं त्या आमच्या आजापणजांचें काय? रॉबर्ट ॲलन ह्यूम हे मिशनरींच्या पोटीं १८४७ त मुंबईस जन्मले व १८७४ पासून सुमारें अर्धशतक नगरास राहिले. १८७८ त तेथें पाळकांस शिकविण्याची शाळा निघाली ती त्यांच्याच नेतृत्वाखालीं. १८८६ त रजेवर अमेरिकेंत असतांना, ज्यांनीं या जन्मीं ख्रिस्ताचें नांव ऐकलें नाहीं त्यांस मरणोत्तर संधि नाहींच असें ठांसून सांगण्याचें बंधन उपदेशकावर नसावें, असें त्यांनीं उघड बोलून दाखविलें. त्याबरोबर मोठा गहजब झाला. अशा मताच्या माणसास परत पाठवावें कीं नाहीं, याचा बोर्डास विचार पडला. अखेर १८८७ त त्यांस येण्याची परवानगी मिळाली. विरोधकांचें म्हणणें असें कीं, मेल्यानंतरही दार उघडें असेल तर समुद्र ओलांडून सांगावयास जाण्याची निकड ती काय राहिली? तर्क बिनतोड आहे. पण तो त्यांनीं अमेरिकेंत बसून केला. नगरांत ज्यास मुलगा विचारतो कीं ‘माझी आजी कोठें आहे?’ त्यास तो तर्क उच्चारणें इतकें सोपें जात नाहीं. ह्यूम यांनीं बोर्डाची मर्जी धोक्यांत घातली, त्या आजीस आपल्या तोंडानें नरकांत लोटली नाहीं. आजही नगरांत त्यांच्या नांवाचें स्मारक-चर्च उभें आहे.

इकडे पुण्यांत त्याच सुमारास या शब्दानें वेगळाच फार्स उभा केला. १४ ऑक्टोबर १८९० रोजीं पंचहौद मिशनमध्यें सभेसाठीं गेलेल्या प्रतिष्ठित मंडळींपुढें चहा-बिस्किटें आलीं. गोपाळराव जोशी यांनीं हजर असलेल्यांचीं नांवें वर्तमानपत्रांत छापविलीं आणि प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलें. लोकमान्य टिळकांनीं आपण काशीस प्रायश्चित्त घेतल्याचें सांगितलें. न्यायमूर्ति रानड्यांनीं १८९२ त प्रायश्चित्त घेतलें, आणि त्यामुळें त्यांच्या सुधारक स्नेह्यांस किती दुःख झालें हें रमाबाई रानडे यांच्या आठवणी वाचणारांस माहीत आहे. रानड्यांनीं तें घेतलें तें चहा पिणें हें पाप वाटलें म्हणून नव्हे; आपल्यामुळें भोंवतालच्या माणसांचीं घरें बहिष्काराखालीं चिरडूं नयेत म्हणून. म्हणजे तेथेंही, शास्त्राच्या पोथींत नसलेल्या अर्थानें कां होईना, एकानें दुसऱ्यांसाठींच प्रायश्चित्त घेतलें. हसणारे हसले; आम्हांस मात्र या चहाच्या पेल्यांत थोडें खारें पाणी दिसतें.

आणि मग नारायण वामन टिळक. १८९३ त नागपुराहून राजनांदगांवास जातांना आगगाडींत एका युरोपियन प्रवाशानें त्यांच्या हातीं नवा करार दिला. त्यांचें मन प्रथम ओढलें तें पर्वतावरील प्रवचनानें. १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस त्यांनीं बाप्तिस्मा घेतला आणि पुढें नगर हेंच त्यांचें कर्मक्षेत्र झालें. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलों, असें ते सांगत. १९१२ पासून अखेरपर्यंत ते ‘ज्ञानोदया’चा मराठी भाग संपादीत होते. त्यांच्या काव्यांत न्यायाधीश, दंड आणि भरपाई यांची भाषा मागें पडते. ख्रिस्त हा गुरु होतो, माउली होतो, आणि लेंकराच्या दुखण्यानें आई झिजावी तसें त्याचें झिजणें होतें. ‘एकाचें दुसऱ्यानें कां भोगावें?’ या विष्णुबावांच्या काळच्या प्रश्नास हें तर्काचें उत्तर नव्हे. पण आई आजारी पोराशेजारीं रात्र जागते तेव्हां हा प्रश्न कोणी विचारीत नाहीं, एवढें टिळकांनीं मराठी माणसास आठवून दिलें.

परंतु जें प्रायश्चित्त फुकट मिळाल्याचें टिळक गात होते तें त्यांच्या घरास फुकट मिळालें नाहीं. लक्ष्मीबाई त्या दिवसापासून पतीस अंतरल्या. नवरा जिवंत असून वियोग, आणि वर लोकांचे टोमणे, अशीं त्यांचीं वर्षें गेलीं. तीं त्यांनीं ‘स्मृतिचित्रें’ या पुस्तकांत जशी हंसतहंसत सांगितलीं तशीं सांगणें आम्हांस साधणार नाहीं. पुढें त्या पतीजवळ आल्या, तरी सोवळें सांभाळूनच राहिल्या. त्यांच्या मनांतील भिंत प्रथम पडली ती कोणत्याही धर्मसिद्धान्तानें नव्हे. जातिभेद देवानें केला कीं माणसानें, असा विचार एके दिवशीं त्यांच्या मनांत आला, आणि त्यापुढें कोणाच्याही हातचें खावयाचें असें त्यांनीं ठरविलें. १९०० त त्यांनीं स्वतः बाप्तिस्मा घेतला. टिळकांनींही १९१७ त मिशनचा पगार व आश्रय सोडला. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले असे सर्व ख्रिस्तभक्त एकत्र बसावे म्हणून ‘देवाचा दरबार’ काढला, आणि ९ मे १९१९ रोजीं ते मुंबईस वारले. अपुरें राहिलेलें ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनीं पुरें केलें. ज्या श्रद्धेनें एक वेळ त्यांचा संसार मोडला, तिचीच कथा त्यांनीं आपल्या हातानें शेवटास नेली. या गोष्टीवर आम्ही कांहींच भाष्य करीत नाहीं.

एवढा प्रवास पाहिल्यावर एक गोष्ट आमच्या मनांत राहते. दुसऱ्यानें आपलें ओझें वाहिलें, ही वार्ता मोठी विचित्र आहे. ती केवळ जिभेनें सांगितली तर ऐकणारास ती फसवणूक वाटते, किंवा पाप करण्याचा परवाना वाटतो. आमच्या पूर्वजांस तशी वाटली, आणि त्यांत त्यांचा दोष नव्हता. नगरांत ती जेथें पटली तेथें सांगणारानें ऐकणाराचें कांहीं ना कांहीं तरी स्वतः वाहिलें होतें. हर्वे आणि बाबाजी यांनीं प्राण दिला, फरार बाईंनीं आयुष्य दिलें, ह्यूम यांनीं परक्याच्या आजीसाठीं आपली प्रतिष्ठा टांगणीस लाविली. आणि जेथें सांगणारानें कांहीं वाहिलें नाहीं, केवळ उपहास केला किंवा अन्नाबरोबर नांव वाटलें, तेथें शब्द कोरडाच राहिला. सिद्धान्ताचा खरेखोटेपणा यानें ठरत नाहीं, हें आम्ही जाणतों. परंतु शब्दांचे इतिहास असेच लिहिले जातात.

नगरच्या एखाद्या खेड्यांत आजही रात्रीं टाळमृदंगाच्या साथीनें ख्रिस्ती भजन चालतें. जवळच कोठें सप्ताह असेल तर दोन्हीकडचे टाळ एकाच वाऱ्यावर येतात. एका ठिकाणीं प्रायश्चित्त घ्यावयाचें असतें, दुसऱ्या ठिकाणीं तें झालेलें असतें. आपलें चुकलें आहे, आणि त्याचें कांहीं तरी झालें पाहिजे, एवढें मात्र दोन्हीकडच्या माणसांस सारखेंच ठाऊक असतें.